दारूचेही चातुर्वर्ण्य!

शहाद्यातून जाणाऱ्या अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावर असो की पुण्या-मुंबईच्या झगमगाटात, ‘बार अँड रेस्टॉरंट’ अशी पाटी लावलेल्या कोणत्याही हॉटेलातील मेन्यूकार्डाचे शेवटचे पान उघडून पाहावे. व्हिस्की, रम, व्होडका, जिन, बिअर आणि हल्ली नाशिकची वाईन. स्कॉटलंडच्या डोंगरात मुरलेली दारू तिथे आहे, रशियाचे नाव लावणारी आहे, फ्रान्सचीही आहे. नाही ती फक्त सातपुड्याची. ज्या मोहाच्या झाडाखाली इथला भिल्ल आणि पावरा पिढ्यान्‌पिढ्या फुले वेचत आला, त्या मोहाला या पानावर जागा नाही. शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीचा शेतमजूर बाजाराच्या दिवशी शहाद्याला आला, तर त्याला त्या पाटीखालून जावे लागते. पण त्या यादीत त्याच्या मुलखाची कोणतीही खूण त्याला सापडत नाही.

कोणी म्हणेल, हॉटेलात काय ठेवायचे हा मालकाच्या आवडीनिवडीचा प्रश्न आहे. ते खरे नाही. परमिट रूमचा मालक, म्हणजे कायद्याच्या भाषेत एफएल-३ अनुज्ञप्तीधारक, आपल्या मर्जीने कोणाकडूनही माल घेऊ शकत नाही. त्याने परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडूनच खरेदी केली पाहिजे. बाटलीवरच्या लेबलला उत्पादन शुल्क खात्याची मंजुरी पाहिजे. म्हणजे निवड होते ती आधी मंत्रालयात, मग कारखान्यात, मग गोदामात. मालकाच्या हाती उरते ते एवढेच, की मंजूर झालेल्यांपैकी कोणत्या बाटलीवर नफा जास्त सुटतो आणि कोणती कंपनी जास्त सवलत देते ते पाहणे. मेन्यूकार्डाचे ते पान म्हणूनच आम्ही सरकारी दस्तऐवज मानतो. या राज्याने कोणाच्या दारूला प्रतिष्ठा दिली आणि कोणाच्या दारूला गुन्हा ठरवले, याचा तो दस्तऐवज आहे.

तो नीट वाचायचा असेल तर जून २०२५ मधील राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय समोर ठेवावा. महसूल वाढवण्यासाठी घेतलेल्या या निर्णयात १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किरकोळ किंमत ठरवून देण्यात आली. देशी दारू ८० रुपये. नव्याने निर्माण केलेली, धान्यापासून बनणारी ‘महाराष्ट्र मेड लिकर’ १४८ रुपये. भारतीय बनावटीची विदेशी दारू २०५ रुपये. आणि उंची विदेशी दारू ३६० रुपये. पायऱ्या मोजा. बरोबर चार भरतात! प्रत्येकीचे नाव वेगळे, किंमत वेगळी, बसण्याची जागाही वेगळी. देशी दारूचे दुकान वेगळे, वाईन शॉप वेगळे, परमिट रूम वेगळी. देशी पिणाऱ्याने फुटपाथलगतच्या दुकानात उभ्या उभ्या प्यायची. विदेशी पिणाऱ्याने वातानुकूलित खोलीत, मंद दिव्याखाली, गादीच्या खुर्चीत बसून. नशा दोघांनाही सारखीच चढते, यकृत दोघांचेही सारखेच सडते, बायको-पोरांच्या डोळ्यांतले पाणीही सारखेच खारट असते. पण एक ‘बेवडा’ ठरतो आणि दुसरा ‘शौकीन’. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती या देशात माणसांपुरती थांबत नाही, बाटलीतही उतरते.

आणि चार वर्णांच्या बाहेर पाचवा असतोच. त्याचे नाव हातभट्टी. मोहाची असो की काळ्या गुळाची, ती गाळणारा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम ६५ खाली गुन्हेगार. इथेही आमचे लक्ष कायद्याच्या शब्दाकडे जाते. १९८१ चा जो स्थानबद्धतेचा कायदा ‘एमपीडीए’ म्हणून ओळखला जातो, त्याच्या इंग्रजी नावात बेकायदा मद्यविक्रेत्यासाठी ‘बूटलेगर’ हा शब्द आहे. मराठी नावात त्याचे भाषांतर झाले ‘हातभट्टीवाले’! बनावट स्कॉच भरून विकणाराही बूटलेगरच असतो, ट्रकने परराज्यातला माल आणणाराही असतो. पण मराठीत कायद्याच्या नावावर शिक्का बसला तो झोपडीतल्या भट्टीवाल्याचा.

हातभट्टीचे गोडवे गाण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. मेली ती झोपडपट्टीतली, मोलमजुरी करणारी. मिथेनॉल विकणारे नराधम कठोर शिक्षेलाच पात्र आहेत. पण कारखान्यातून चोरीछुपे बाहेर आलेले मिथेनॉल पाजून माणसे मारणे आणि वेचलेली मोहाची फुले आंबवून पाड्यावरच्या देवकार्यासाठी धार काढणे, या दोन गोष्टी पोलिसांच्या डायरीत एकाच रकान्यात जातात, याचाही विचार कधीतरी व्हायला हवा.

हा रकाना इंग्रजांनी आखला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा अधिकार घराघरातून काढून मक्तेदाराच्या भट्टीकडे नेला. १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाफुलांचा कायदा झाला. फुले जवळ बाळगण्यावरच बंधन आले. हेतू लोकांची दारू सुटावी हा नव्हता. त्यांनी ती सरकारी महसूल भरणाऱ्या गुत्त्यावरच विकत घ्यावी, हा होता. इंग्रज गेला, हिशेब तोच राहिला.

आता द्राक्षाचे नशीब पाहा. २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. वाईनला वर्षानुवर्षे उत्पादन शुल्कात माफी दिली, करात परतावा दिला. जानेवारी २०२२ मध्ये तर सुपरमार्केटात वाईन ठेवण्याचा निर्णयही मंत्रिमंडळाने घेतला होता. विरोध झाला म्हणून तो अमलात आला नाही. तेव्हा सांगण्यात आले की हे शेतकऱ्याच्या भल्यासाठी आहे. असेलही. पण मग मोहाफुले वेचणारी आदिवासी बाई कोण आहे? चैत्राच्या उन्हाआधी, पहाटेच्या अंधारात ती टोपली घेऊन निघते, एकेक फूल वेचते, वाळवते आणि येईल त्या भावात व्यापाऱ्याच्या मापात टाकते. द्राक्षासाठी धोरण आणि मोहासाठी पोलीस, हा न्याय कोणत्या राज्यघटनेत बसतो?

अलीकडे वारे फिरले आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहाफुलांच्या संकलन, साठवणूक व वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने काजूबोंडे, मोहाफुले यांच्यापासून बनणाऱ्या मद्याला ‘विदेशी मद्या’चा दर्जा देण्याचे ठरवले. वाचकहो, हा शब्द पुन्हा वाचा. मोह सातपुड्याचा, फूल सातपुड्याचे, वेचणारी सातपुड्याची आणि दारू मात्र विदेशी! स्वतःच्या मातीतल्या वस्तूलाही आधी ‘विदेशी’ म्हणून शुद्ध करून घेतल्याशिवाय मेन्यूकार्डावर प्रवेश नाही. देवळाच्या पायरीवरची शुद्धीची कल्पना बारच्या पायरीवरही येऊन बसली आहे.

शेजाऱ्यांकडे पाहू. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये ती राज्याचा वारसा म्हणून जाहीर झाली. काल जिला गावठी म्हणून नाक मुरडले जात होते, ती आज पर्यटकांच्या टेबलावर मानाने येते. नर्मदेपलीकडच्या मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मोहाच्या दारूला ‘हेरिटेज मद्य’ म्हटले आणि आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या अलीराजपुरात व दिंडोरीत आदिवासी बचत गटांकडे तिचे उत्पादन सोपवले. ही व्यवस्था किती टिकते ते पाहावे लागेल. पण निदान परवाना कोणाच्या नावावर, या प्रश्नाचे उत्तर तिथल्या सरकारने दिले आहे. आमच्याकडे तोच प्रश्न अनुत्तरित आहे. उद्या मोहाची उंची बाटली हॉटेलाच्या यादीत ‘आदिवासी वारसा’ म्हणून झळकेल. तिच्यावर वारली चित्र असेल. पण परवाना शेठजींचा, कारखाना शेठजींचा, लेबल शेठजींचे आणि आदिवासी फक्त चित्रात! हे आम्हाला मान्य नाही.

काही धम्मबांधव विचारतील, पंचशील घेणाऱ्यांनी दारूच्या परवान्यांची चर्चा कशाला करायची? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर सरळ आहे. आम्ही दारू पीत नाही, कोणी प्यावी असेही म्हणत नाही. पाचवे शील आमच्यासाठी पाठांतराचा विषय नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू सोडण्याची प्रतिज्ञा आहे. ज्या वस्त्यांनी ती पाळली, तिथली मुले शाळेत गेली. ज्यांनी मोडली, तिथे सावकार आला. पण शील हे स्वतः स्वीकारायचे असते. दुसऱ्यावर पोलिसांकरवी लादलेले शील हे शील नसते, तो जुलूम असतो. आणि तोही फक्त गरिबावर लादला जात असेल, तर तो अन्याय असतो.

बाबासाहेबांना हा भेद पक्का ठाऊक होता. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत दारूबंदीच्या मार्गदर्शक तत्त्वावर चर्चा झाली. आज ते अनुच्छेद ४७ मध्ये आहे. जयपाल सिंग मुंडा यांनी त्याला विरोध केला. आदिवासींच्या धार्मिक व सामाजिक जीवनात पेयाला स्थान आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी तत्त्व सोडले नाही आणि आदिवासींचा आवाजही झिडकारला नाही. आदिवासी क्षेत्रांसाठी अनुसूचींमध्ये केलेल्या स्वतंत्र तरतुदींकडे त्यांनी बोट दाखवले. निर्णय आदिवासींना विचारून व्हावा, ही त्यामागची दिशा होती. १९९६ च्या पेसा कायद्याने तीच दिशा पुढे नेली. मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा वा विक्री नियंत्रित करण्याचा अधिकार आणि गौण वनोपजाची मालकी, हे दोन्ही अधिकार ग्रामसभेला मिळावेत असे त्या कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे. मोहाचे फूल हे गौण वनोपज आहे. मग त्या फुलाच्या दारूचे धोरण ग्रामसभेला वगळून कसे ठरते?

आणि दारू सोडायला आदिवासींना कोणी शिकवावे लागत नाही. तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात ‘आप की जय’चा पुकारा केला, तेव्हा हजारो भिल्लांनी स्वतःहून दारू सोडली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग सुरतवंती यांच्या शहादा चळवळीत आदिवासी बायांनी गुत्त्यांवर चाल करून दारूची मडकी फोडली. त्यांना कलम ६५ माहीत नव्हते. नवऱ्याची मजुरी कुठे जाते आणि पाठीवर वळ कशाने उठतात, हे माहीत होते. पिण्याविरुद्धचा लढाही लोकांचाच आणि मोहावरचा हक्कही लोकांचाच. या दोन्हींत विरोध नाही. दोन्हींचा अर्थ एकच, की निर्णय आमचा.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, मोहाफुलांपासून मद्य बनवायचेच असेल तर अनुसूचित क्षेत्रातील परवाना ग्रामसभेच्या संमतीने आणि फुले वेचणाऱ्या स्त्रियांच्या गटांच्या नावेच मिळावा. बाहेरच्या कंपनीला त्यात भागीदारीच्या पडद्याआडूनही शिरकाव नसावा. दोन, ‘मोह’ आणि आदिवासी वारसा ही नावे बाटलीवर वापरणाऱ्याने फुले कोणत्या गावाची आणि भाव काय दिला, हे लेबलवर छापावे. तीन, निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिले तर दारूचे दुकान बंद होते, ही तरतूद गरिबांच्या देशी दुकानापुरती वापरून थांबू नये, महामार्गावरच्या परमिट रूमलाही तेवढ्याच तत्परतेने लावावी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गालगतची दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा बारवाल्यांना सवलती मिळवून देण्यासाठी किती धावपळ झाली, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. चार, देवकार्यापुरती धार काढणाऱ्या आदिवासींवरचे किरकोळ खटले मागे घ्यावेत आणि मिथेनॉलच्या साखळीतील बड्या धेंडांवर तो वेळ खर्च करावा.

कार्यकर्त्यांनी एवढेच करावे. आपल्या तालुक्यात कोणत्या नावाने, कोणाला, किती परवाने दिले आहेत, याची माहिती अधिकारात मागणी करावी. दारूबंदीच्या कायद्याखाली वर्षभरात किती जणांना पकडले आणि ते कोणत्या वस्तीतले, हेही विचारावे. दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून ग्रामसभेत मोठ्याने वाचाव्यात. परवान्यांच्या यादीत कोणाची आडनावे आहेत आणि आरोपींच्या यादीत कोणाची, ते ऐकल्यावर भाषण करण्याची गरज पडणार नाही.