गाडीचा मेंदू बदलण्याआधी

मैत्रिणींनो, मिक्सर फिरेनासा झाला तर आपण लगेच नवी मोटर आणतो का? आधी प्लग बघतो, भांडं नीट बसलंय का ते बघतो, खालचं लाल बटण दाबून बघतो. मोटरचा नंबर सगळ्यात शेवटी! पण हाच शहाणपणा गॅरेजच्या पायरीवर ठेवून आपण आत जातो. "मॅडम, ईसीएम गेलाय, बदलावा लागेल," असं ऐकलं की मान डोलावून मोकळ्या होतो. आणि बिल येतं ते पाच आकडी!

साताऱ्याच्या एका भगिनींचं पत्र समोर आहे. यजमान परगावी नोकरीला, मुलांची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, सगळं गाडीवर. त्या लिहितात, "गाडी सकाळी नीट सुरू होते. पण गतिरोधकावरून गेली की मध्येच बंद पडते. गॅरेजवाल्यांनी ईसीएम बदलला, त्यात माझे भिशीचे पैसे गेले. पंधरा दिवसांत दुखणं पुन्हा हजर. आता म्हणतात, नवा पीसही खराब निघाला. मी काय करू?"

त्यांचं उत्तर देतेच. पण आधी ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ.

ईसीएम म्हणजे इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर. काही गॅरेजांत त्याला ईसीयू म्हणतात. इंजिनात हवा किती येते, ते किती तापलंय, किती वेगानं फिरतंय, आपण पायानं किती दाबलंय, ही सगळी खबर निरनिराळे सेन्सर त्याला पोचवतात. त्यावरून पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे तो ठरवतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना हा मेंदू नव्हता. २००० सालाच्या सुमारास धुराचे नियम कडक झाले आणि आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांत तो सर्रास आला. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं, तेव्हा त्याचं काम आणखीच वाढलं.

आता गंमत अशी, की मेंदू धडधाकट असला तरी त्याच्यापर्यंत वीज नीट पोचली नाही, किंवा खबर चुकीची आली, तर तो वेड्यासारखा वागतो. बॅटरी अशक्त असेल तर सेल्फ मारताना वीज इतकी खाली येते, की तो क्षणभर बंदच पडतो. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असते. अर्थिंगची वायर गंजलेली असते. पावसाळ्यात कपलरमध्ये ओल शिरते. आणि उंदीर! बॉनेटखालच्या उबेत येऊन ते वायरी कुरतडतात, हे कितीतरी घरांत घडतं. सेन्सरना ईसीएमकडून ५ व्होल्टची वीज जाते. त्यातली एक वायर घासून बॉडीला टेकली तरी एकाच वेळी तीन-चार सेन्सर खोटं बोलू लागतात. मग स्कॅनरवर तक्रारींची ही लांब यादी येते, आणि घाईत निदान होतं, "मेंदूच गेला!" आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय?

म्हणून होकार देण्याआधी हे प्रश्न विचारा. लाजू नका, पैसे आपले आहेत.

पहिला, बॅटरी आणि अर्थिंग तपासलं का? बंद गाडीत चांगल्या भरलेल्या बॅटरीवर मीटर साधारण १२.६ व्होल्ट दाखवतो. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५ हवेत. हे बघायला पाच मिनिटं पुरतात.

दुसरा, स्कॅनरवर कोणता कोड आला? तो कागदावर लिहून मागा किंवा पडद्याचा फोटो काढा. पी०५६२ आला तर वीज कमी पडते आहे. यू०१०० म्हणजे ईसीएमशी बोलणंच होत नाही, पण तिथं फ्यूज किंवा वायरही दोषी असू शकते. पी०६०१ किंवा पी०६०६ आला तर संशय खुद्द ईसीएमवर जातो. तरीही बॅटरीचं काम आधी उरकून, कोड पुसून, तो पुन्हा येतो का ते बघायला सांगा.

तिसरा, ईसीएमला वीज आणि अर्थ पोचते का, हे त्याच्या कपलरपाशी मीटर लावून बघितलं का? सगळं नीट पोचतंय आणि तरी तो काम करत नाही, असं दिसलं तर निदानाला आधार आला.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जुना कशानं गेला? ईसीएम उगाच मरत नाही. आत पाणी शिरलं, दुसऱ्या बॅटरीवरून गाडी सुरू करताना वायरी उलट लागल्या, बॅटरी न सोडवता बॉडीला वेल्डिंग केलं, किंवा इग्निशन कॉइल शॉर्ट होऊन तिनं ईसीएमचा आतला भाग जाळला, असं काहीतरी झालेलं असतं. ते कारण जागेवर ठेवून नवा बसवला तर तोही त्याच वाटेनं जाईल.

समजा, ईसीएम खरोखरच गेलाय. तरी नवा हाच एक इलाज नाही. आतला सुटलेला टाका किंवा एखादा जळालेला भाग जाणकार कारागीर बदलून देतो, ते नव्यापेक्षा स्वस्त पडतं. आधी दुरुस्तीची चौकशी करा.

भंगारातल्या गाडीचा जुना पीस स्वस्त मिळतो, पण सावध राहा. बऱ्याच गाड्यांच्या किल्लीत चिप असते आणि ईसीएम फक्त आपल्याच किल्लीला ओळखतो. परका ईसीएम आणला तर सेल्फ फिरेल, पण इंजिन धरणार नाही. तो आपल्या किल्लीशी जुळवून देणार का, हे आधी ठरवून घ्या. पीसवरच्या चिठ्ठीवरचा नंबर जुन्याशी जुळलाच पाहिजे. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल, डिझेल, गिअरची आणि ऑटोमॅटिक, प्रत्येकीचा ईसीएम वेगळा असू शकतो.

नवा बसवतानाही शिस्त आहे. आधी बॅटरी सोडवायची, मगच कपलर काढायचे. त्यानंतर त्या गाडीचं प्रोग्रॅमिंग भरावं लागतं. ते चालू असताना वीज मध्येच गेली तर नवाकोरा पीस निकामी होऊ शकतो, म्हणून बॅटरीला चार्जर जोडून ठेवतात. प्रोग्रॅमिंगचे पैसे किमतीत धरलेत का, हेही आधीच विचारा. नाहीतर बिलात ते वेगळे उगवतात!

आता साताऱ्याच्या वहिनींना. वहिनी, गतिरोधकाच्या धक्क्यानं गाडी बंद पडते, यावरून तरी संशय सैल वायरीवर, कपलरवर किंवा अर्थिंगवर जातो. दोन्ही पीस एकाच तऱ्हेनं खराब निघाले, हे पटायला जरा अवघडच. गाडी दुसऱ्या अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. इंजिन चालू ठेवून वायरींचे जुडगे आणि कपलर एकेक करून हलवून बघायला सांगा. जिथं हात लावल्यावर इंजिन दचकेल, तिथं दुखणं. (हे काम त्यांनाच करू द्या. पंखा आणि पट्टा चालू असतो, पदर-ओढणी लांब ठेवा.) तोवर मुलांना घेऊन घाटात किंवा हायवेवर जाऊ नका. चालती गाडी बंद पडली की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

पहिल्या गॅरेजकडून जुना ईसीएम परत मागा. नव्याचं बिल आणि वॉरंटी लेखी घ्या. बिल नाकारणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुसऱ्याकडे दोष वायरीत सापडला तर तेही त्याच्याकडून लिहून घ्या आणि पैसे परत मागा. गोडीनं झालं तर उत्तमच. नाहीतर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.

जाता जाता विम्याचं. आपोआप झालेला इलेक्ट्रिक बिघाड नेहमीच्या गाडी-विम्यात बसत नाही. गाडी पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर सेल्फ मुळीच मारू नका. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी ओढून न्यायला सांगा.

वरचे चार प्रश्न एका कागदावर उतरवून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. "साहेबांना फोन लावून देता का?" असं कुणी विचारलंच, तर कागद काढायचा आणि म्हणायचं, "साहेबांचं नंतर बघू. आधी मला सांगा, अर्थिंग तपासलंत का?"