पोवळ्यात लिहिलेला पाऊस

मृगाचा पहिला पाऊस पडला आणि गावाकडे बाबांनी सरकी टोबली. नंतर पंधरा दिवस आभाळ कोरडे. कोंब करपले, दुबार पेरणी करावी लागली. आदिलाबादच्या काळ्या जमिनीत ज्यांची कपाशी आहे, त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको.

बाबांजवळ एक ठेवा आहे. सत्तावीस वर्षांची जुनी कॅलेंडरे एका खिळ्याला अडकवलेली, आणि प्रत्येकात पहिल्या पावसाच्या तारखेभोवती पेनाने गोल. ती चाळून ते म्हणाले, "असं कधीच झालं नव्हतं." माझी मुलगी पटकन म्हणाली, "आबा, कधीच म्हणजे कधीपासून?"

प्रश्न मोठा आहे, वाचकहो. त्याचे एक उत्तर चक्क तांबड्या समुद्रात सापडते. आपण अंगठीत घालतो त्या पोवळ्याचे भाऊबंद तिथे चुनखडीची घरे बांधतात. सागवानाच्या खोडात वर्तुळे असतात, तसे या दगडात वर्षावर्षाचे थर असतात. पावसाळ्यात आपल्याकडे हवेचा दाब उतरतो आणि त्या ओढीने सुदानच्या वाळवंटातला वारा टोकर येथील डोंगरखिंडीतून समुद्रावर सुटतो. सोबत धूळ येते, धुळीत बेरियम असते. बेरियमचा स्वभाव कॅल्शियमसारखा, म्हणून ते पोवळ्याच्या दगडात कॅल्शियमच्या जागी जाऊन बसते. ज्या थरात बेरियम जास्त, त्या वर्षी वारा जोराचा आणि आपला मान्सूनही जोराचा!

अमेरिकेतील वुड्स होल संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये असा सुमारे अडीचशे वर्षांचा हिशेब मांडला. या काळात मान्सूनचा जोर वाढत गेला, असे त्यांना दिसले.

मग आमची दुबार पेरणी कशी? पोवळे हंगामाचा जोर सांगते. दोन पावसांच्या मधले कोरडे पंधरा दिवस त्यात उमटत नाहीत, आणि शेतकरी तर नेमका त्या पंधरा दिवसांत मरतो.

दुसरी वही आपल्या जवळची आहे. बस्तरमध्ये दंडक नावाची गुहा आहे. तिथे छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याने जमिनीवर चुनखडीचे खांब वाढतात. भरपूर पाऊस झाला की त्या थरात हलक्या ऑक्सिजनचे प्रमाण वाढते, पाऊस ओढला की जड ऑक्सिजनचे. अशा एका खांबावरून इ. स. ६०० ते १५०० या नऊशे वर्षांचा पाऊस वाचून २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. चौदाव्या आणि पंधराव्या शतकात वर्षानुवर्षे लांबलेले दुष्काळ त्यात दिसतात. दख्खनच्या आठवणीतला दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ ते १४०७ मधला. तो याच काळात येतो.

हे सारे मी बाबांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे हे होऊन गेलेलं आहे. आपल्यालाच माहीत नव्हतं."

त्यांच्या या वाक्यात धीर आहे आणि इशाराही. एकदा झाले ते पुन्हा होऊ शकते. सगळे रान एकट्या कपाशीवर लावायचे की थोडी ज्वारी-तूर ठेवायची, बांधावर शेततळे घ्यायचे की पुढच्या वर्षी बघू म्हणायचे, हे पोवळे ठरवणार नाही. ते आपणच ठरवायचे आहे.

यंदाच्या कॅलेंडरवर आता दोन गोल आहेत. दुसरा नातीने काढला आहे.