पॅन एक, देश दोन



माझा भाचा जर्मनीहून सुटीवर आला होता. कोप्पीकर रोडवर ताईसाठी साडी घ्यायची आणि जाताजाता बँकेतलं केवायसीचं काम उरकायचं, असा बेत. साडीला दीड तास लागला, पण खरे अडकलो ते बँकेच्या फॉर्मपाशी.

'तुम्ही कोणत्या देशाचे करनिवासी? तिथला कर ओळख क्रमांक?' भाच्याने झटकन 'भारत' लिहिलं आणि पॅन टाकला. म्हणाला, "मावशी, पासपोर्ट भारतीयच आहे ना माझा!"

इथेच गल्लत होते. पासपोर्ट नागरिकत्व सांगतो. करनिवास मुख्यतः तुम्ही किती दिवस कुठे राहता यावर ठरतो. आपल्याकडे आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा अधिक राहणारा निवासी ठरतो. इतरही काही अटी आहेत. हा दोन वर्षं म्युनिकला राहतो, पगार आणि कर दोन्ही तिथेच. म्हणजे लिहायचं 'जर्मनी' आणि तिथला अकरा आकडी क्रमांक. पॅन जन्मभर आपलाच राहतो, पण तो करनिवासाचा पुरावा नव्हे.

फॉर्मखाली सही आपली असते. शिवाय २०१७ पासून भारत अनेक देशांशी खात्यांच्या माहितीची देवाणघेवाण करतो. माहिती जुळली नाही तर खुलासे देत बसावं लागतं. बोलताबोलता कळलं की त्याचं बचत खातंही अजून एनआरओ केलेलं नव्हतं! तोही अर्ज तिथेच दिला.

आता निघायच्या तयारीत असलेल्यांसाठी. जर्मनीत पत्त्याची नोंदणी केली की हा क्रमांक टपालाने येतो. टपालपेटीवर आपलं नाव लावा, नाहीतर पत्र परत जातं. मालकाला क्रमांक दिला नाही तर पगारातून जास्त कर कापला जाऊ शकतो. ऑस्ट्रेलियातही तसंच. अमेरिकेत नोकरीची परवानगी असलेल्याला सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो. तो मिळू न शकणाऱ्या जोडीदाराला करापुरता आयटीआयएन घेता येतो. तो ९ ने सुरू होतो आणि त्यावर नोकरी करता येत नाही.

हे क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. एका वहीत लिहून घरी जपून ठेवा.

भाच्याने नवा फॉर्म भरला. चहाचे पैसे अर्थातच त्यानेच दिले!