गृध्रसी की मांसक्षत?

मांडीच्या मागील बाजूस कळ येते असे सांगत रुग्ण आला आणि पाय उचलताना कण्हला, की आपली लेखणी ‘गृध्रसी’ लिहून मोकळी होते. या घाईचे आम्हीही दोषी आहोत. काही वर्षांपूर्वी एक तरुण कबड्डीपटू आमच्याकडे आला. धावताना मांडीमागे काहीतरी तुटल्यासारखे झाले, असे तो सांगत होता. आम्ही दुसऱ्याच दिवशी जोरकस मर्दन व स्वेदन केले. तिसऱ्या दिवशी मांडी काळीनिळी होऊन सुजली. व्याधी वाताची नव्हती. मांस फाटले होते.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात एकूण ५०० पेशी सांगून त्यांपैकी प्रत्येक ऊरूत २० मानल्या आहेत. त्यांची पृथक् नावे तेथे नाहीत. मात्र शव वाहत्या पाण्यात ठेवून सात रात्रींनंतर प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावे, ही आज्ञा आहे. त्या आज्ञेला अनुसरूनच आधुनिक शारीर वाचले पाहिजे.

ऊरूच्या मागे तीन पेशी आहेत. बाहेरच्या अंगास बायसेप्स फिमोरिस, आतल्या अंगास सेमिटेंडिनोसस व सेमिमेंब्रेनोसस. तिन्ही बसण्याच्या हाडापासून निघतात. केवळ बायसेप्सचे आखूड शिर मांडीच्या हाडावरून उगवते. बायसेप्स फिब्युलाच्या शिरावर, तर उरलेल्या दोन टिबियाच्या वरच्या टोकाशी आतल्या बाजूस जोडल्या जातात. हे आखूड शिर वगळता त्या कटिसंधी व जानुसंधी दोन्ही ओलांडतात. म्हणून कंबरेत वाकून गुडघा ताठ ठेवला, किंवा वेगात धावताना पाय पुढे फेकला, की त्यांवर सर्वाधिक ताण येतो. सायटिक नाडी बायसेप्सच्या लांब शिराखालूनच जाते. संभ्रमाचे मूळ येथेच आहे.

चरकाचार्यांच्या गृध्रसीची वेदना स्फिक्, कटी, ऊरू, जानु, जंघा व पाद या मार्गाने उतरते. मांसक्षताची वेदना एका जागी बोट ठेवून दाखवता येते. पालथे झोपवून, आपल्या हाताच्या विरोधात गुडघा दुमडण्यास सांगितले की ती वाढते. उताणे झोपवून सरळ पाय उचलला असता दोन्हींत दुखते. तेव्हा पाय किंचित खाली घेऊन पाऊल वर वळवावे. कळ वाढली तर संशय नाडीवर घ्यावा.

ताज्या क्षतावर पहिले काही दिवस मर्दन नको, शेक नको. विश्रांती, थंड लेप व हलका पट्टबंध पुरे. पेशीत खळगा लागत असेल, विस्तृत काळानिळा डाग पडला असेल किंवा चालणेच अशक्य असेल, तर शल्यतज्ज्ञाकडे त्वरित पाठवावे. तेथे विलंब केल्यास कायमचे वैगुण्य राहू शकते.

औषधालयधारक बंधूंनाही आमची विनंती आहे. ‘शीर आखडली, तेल द्या’ म्हणणाऱ्यास बाटली देण्यापूर्वी एवढेच विचारावे: दुखणे हळूहळू आले की एका क्षणात? एका क्षणात आले असल्यास तेल नव्हे, वैद्याचा पत्ता द्यावा. तो कबड्डीपटू पुन्हा मैदानात उतरला; परंतु आमच्या चुकीची किंमत त्याने आपल्या एका हंगामाने चुकवली, हे आम्ही विसरलेलो नाही.