भुतांना भिणारे सरकार आणि बराकपूरचे दिग्दर्शक

1857 साली मंगल पांडेने जेथे बंदूक उचलली, त्या बराकपूरमधून 2021 साली एक चित्रपट दिग्दर्शक विधानसभेत गेला. हालीशहरचे राज चक्रवर्ती फेब्रुवारीत तृणमूल काँग्रेसमध्ये आले आणि मे महिन्यात आमदार झाले!

कलावंताने राजकारणात पडू नये, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. उत्पल दत्त 1965 मध्ये तुरुंगात गेले ते राजकारणापायीच. प्रश्न एवढाच की, कलावंत उभा कोणाच्या बाजूला राहतो? 2008 साली 'कादल' या तमिळ चित्रपटावरून 'चिरोदिनी तुमि जे आमार' काढून चक्रवर्तींनी गल्ला भरला. त्याबद्दल तक्रार नाही. पण 2013 मध्ये त्यांनीच 'प्रलय' काढला. सुटिया येथील सामूहिक बलात्कारांविरुद्ध लोकांना संघटित करणारे शिक्षक बरुण बिश्वास यांचा 2012 साली खून झाला. त्यांच्या जीवनावर बेतलेला हा चित्रपट. दहशतीपुढे न झुकणारा माणूस पडद्यावर आणणाऱ्याकडून लोकांनी काही अपेक्षा बाळगली, तर ती गैर कशी?

आता दुसऱ्या दिग्दर्शकाची हकीकत पाहा. कोलकाता चित्रपट महोत्सवात जिकडेतिकडे मुख्यमंत्र्यांच्याच तसबिरी का, असे अनीक दत्त यांनी नोव्हेंबर 2018 मध्ये जाहीरपणे विचारले. त्यांचा 'भविष्यतेर भूत' हा उपहासपट 15 फेब्रुवारी 2019 रोजी लागला आणि दुसऱ्याच दिवशी चित्रपटगृहांतून नाहीसा झाला. बंदीचा हुकूम नाही, कागद नाही! सेन्सॉरचे प्रमाणपत्र असतानाही पोलिसांनी प्रदर्शनापूर्वीच निर्मात्याकडे चित्रपट दाखविण्याची मागणी केली होती. (आमच्याकडे 'सखाराम बाइंडर'ला निदान उघडपणे अडविले होते.) अखेर एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला वीस लाख रुपयांची भरपाई द्यावयास लावली.

आणि त्याच 2019 साली त्या महोत्सवाचे अध्यक्षपद गेले ते चक्रवर्तींकडे.

पुढे 2022 मध्ये अनीक दत्तांनी 'पथेर पांचाली'च्या निर्मितीवर 'अपराजितो' काढला. त्याला प्रदर्शनाच्या वेळी 'नंदन' या सरकारी चित्रपटगृहात जागा मिळाली नाही. या 'नंदन'चे उद्घाटन 1985 साली खुद्द सत्यजित राय यांनी केले होते. महोत्सवाचे अध्यक्ष आणि सत्ताधारी पक्षाचे आमदार, अशा दोन्ही खुर्च्या भूषविणाऱ्या दिग्दर्शकाने आपल्या व्यवसायबंधूच्या या कोंडीचा जाब सरकारला विचारावयास नको होता काय?