हात गेले, पोहणे राहिले

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की कुंभारीच्या शिवारात घरांच्या रांगा दिसू लागतात. विडी कामगारांच्या दहा हजार घरांची कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत येथे उभी राहिली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे हस्तांतरण झाले. पुढे असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची रे नगर वसाहत आली. त्यातील १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली. माणसे राहायला आली म्हणून कोणत्याही वाढत्या गावातले बांधकाम थांबत नाही. कोणी पुढे पडवी काढतो, कोणी वर एक खोली चढवतो. कडेला वाळू, खडी आणि लोखंडी सळया पडलेल्या असतात, वरून विजेच्या तारा गेलेल्या असतात आणि उन्हाळ्याच्या सुटीत तिथेच मुले खेळत असतात.

याच जिल्ह्यात, करमाळा तालुक्यातल्या एका मुलाच्या बाबतीत २००४ मध्ये सळई आणि तार यांची गाठ पडली. घरात लग्न होते. बांधकामाच्या जागी पडलेली लोखंडी सळई त्याने उचलली आणि ती वरच्या विजेच्या तारेला लागली. वय अवघे अकरा. जीव वाचला, पण दोन्ही हात कोपराखालून काढावे लागले. त्या मुलाचे नाव सुयश नारायण जाधव. २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकसाठी ‘अ’ दर्जाची पात्रता वेळ गाठणारा तो पहिला भारतीय जलतरणपटू ठरला. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायचे सुवर्णपदक ३२.७१ सेकंदांत जिंकले, शिवाय दोन कांस्यपदकेही मिळवली. २०२० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि पुढे टोकियो पॅरालिम्पिकमध्येही तो उतरला.

ही कथा शाळाशाळांतून ‘जिद्द असेल तर काहीही अशक्य नाही’ या शीर्षकाखाली सांगितली जाते. जिद्द होतीच. पण जिद्दीवर सगळे श्रेय टाकले की दोन गैरसोयीचे प्रश्न मागे पडतात. अपघात टळू शकला असता का? आणि हात गमावलेल्या दुसऱ्या मुलाला, समान जिद्द असूनही, पाण्यापर्यंत पोचता येते का?

वीज शरीरात काय करते

विजेचा जळका आणि आगीचा जळका यांत मोठा फरक आहे. आग बाहेरून आत जाते आणि कातडीवर दिसते. वीज आतून जाळते. उच्च दाबाची वीज हातातून शिरून दुसऱ्या हातातून किंवा पायातून जमिनीकडे जाते तेव्हा कातडीवर कधीकधी रुपयाएवढी काळी खूण दिसते, पण आतले स्नायू, नसा आणि रक्तवाहिन्या भाजून निघालेल्या असतात. हाड विजेला सर्वाधिक विरोध करते, त्यामुळे तेथे उष्णता जास्त निर्माण होते आणि हाडालगतचा स्नायू आधी मरतो. मनगट आणि पुढचा हात बारीक असल्याने वीज तेथे कमी जागेत दाटते. विजेच्या अपघातात हात जाण्याचे प्रमाण मोठे असते, ते यामुळे.

त्यात आणखी एक गोष्ट घडते. घरातील वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करणारी असते. तिच्यामुळे हाताचे स्नायू सलग आवळले जातात. मूठ मिटणारे स्नायू मूठ उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट असल्याने धरलेली वस्तू सोडता येत नाही. गावावरून जाणारी ११ हजार व्होल्टची तार तर प्रत्यक्ष स्पर्शाचीही वाट पाहत नाही. सळई पुरेशी जवळ गेली की ठिणगी उडी घेते.

पुढचे काही तास निर्णायक असतात. भाजलेले स्नायू सुजतात. स्नायूंभोवतीचे आवरण ताणत नाही, त्यामुळे आतला दाब वाढून उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो. वेळेत ते आवरण चिरून दाब मोकळा केला तर हाताचा काही भाग वाचू शकतो. मेलेल्या स्नायूंतील लाल रंगद्रव्य रक्तात उतरते, लघवी काळपट होते आणि मूत्रपिंडे बंद पडण्याचा धोका असतो. म्हणून शिरेतून भरपूर द्रव द्यावे लागते. हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून ईसीजी काढावा लागतो. ‘वरून तर थोडेच भाजले आहे’ म्हणून मुलाला रात्रभर घरी ठेवणे हातावर आणि कधीकधी जिवावर बेतते.

लहान मुलाचा हात कापावा लागला की प्रश्न शस्त्रक्रियेने संपत नाही. मूल वाढत असते, हाडही वाढते. मधूनच कापलेले हाड टोकाकडून वाढून कातडीला आतून टोचू लागते आणि काही मुलांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. कृत्रिम हाताची वाटी वाढत्या वयाबरोबर पुन्हा पुन्हा बदलावी लागते. गेलेला हात दुखतो, खाजतो, अशी तक्रार मूल करते. ती थाप नसते. मेंदूतला त्या हाताचा नकाशा शिल्लक असतो आणि वेदना खरी असते.

हाताविना पाणी कसे कापायचे

पोहताना तळवा आणि पुढचा हात मिळून वल्ह्याचे काम करतात. फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेणारा बहुतेक जोर तिथूनच येतो, पायांचा वाटा त्यामानाने कमी. कोपराखालचा भाग गेला की वल्ह्याचे पातेही गेले आणि दांडाही आखूड झाला. मग उरलेल्या दंडाने वेग राखायचा तर हात जास्त वेळा फिरवावे लागतात. छाती, पाठ, पोट आणि मांड्या यांच्यावर भार येतो.

बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकाच वेळी फिरतात आणि छातीपासून पायाच्या बोटांपर्यंत एक लाट जाते. या लाटेत धडाचा वाटा मोठा असतो. दोन्ही हात सारखेच आखूड असतील तर शरीर एका बाजूला ओढले जात नाही. सुयशचे सुवर्ण याच प्रकारातले आहे. उडी मारल्यावर पाण्याखालून फक्त १५ मीटर जाता येते, त्यापुढे डोके वर आणावेच लागते. म्हणजे उरलेले अंतर हातांच्या फेऱ्यांनीच तोडायचे असते. ३२.७१ सेकंद हा आकडा वाचताना हे लक्षात घ्यायला हवे.

पॅरा जलतरणात शारीरिक अपंगत्वाचे एक ते दहा असे वर्ग असतात. आकडा जितका लहान तितकी मर्यादा मोठी. सुयश सातव्या वर्गात पोहतो. हा वर्ग केवळ कागदपत्रांवरून ठरत नाही. तज्ज्ञ स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल आणि अवयवांची लांबी मोजतात, मग खेळाडूला पाण्यात पोहताना पाहतात. एकाच वर्गात हात नसलेला आणि पाय दुबळा असलेला असे दोघे शेजारच्या लेनमध्ये असू शकतात. पाहणाऱ्याला ते विचित्र वाटते, पण तुलना होते ती पाण्यातल्या क्षमतेची.

जिद्दीच्या आधीचे तीन टप्पे

सुयशच्या बाबतीत तीन गोष्टी जुळल्या. एक, तो पहिल्या संकटातून वाचला. दोन, वडील क्रीडाशिक्षक आणि स्वतः जलतरणपटू असल्याने पाण्याची ओळख अपघाताआधीच झाली होती. तीन, पुढे पुण्यात तलाव आणि प्रशिक्षण मिळाले. यातली एक कडी तुटली असती तर जिद्द घरीच राहिली असती.

महाराष्ट्रातला आधीचा दाखलाही हेच सांगतो. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्ण मिळवून दिले. त्यांच्या पाठीशी लष्कर होते. लष्करी रुग्णालयात पोहणे हा उपचाराचा भाग म्हणून सुरू झाला. पद्मश्री मात्र २०१८ मध्ये मिळाली, तब्बल ४६ वर्षांनी.

मुळात पॅरालिम्पिकचा जन्मच रुग्णालयात झाला आहे. इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४८ मध्ये मणक्याला इजा झालेल्या सैनिकांच्या स्पर्धा घेतल्या. त्या १९६० मध्ये रोमला नेण्यात इटलीचे डॉ. अंतोनियो मालियो यांचा मोठा वाटा होता. मालियो ज्या केंद्राचे प्रमुख होते, ते कामगारांच्या अपघात विमा संस्थेचे होते. कामावर मणका मोडलेल्या मजुराला तेथे पाण्यात उतरवले जाई. त्याच इटलीत लुका पंकाल्ली हा तरुण १९८१ मध्ये घोड्यावरून पडून अपंग झाला, पॅरालिम्पिकच्या तलावात सुवर्णपदके जिंकला आणि पुढे देशाच्या पॅरालिम्पिक समितीचा अध्यक्ष झाला. पॅरा जलतरणाच्या २०१९ च्या जागतिक स्पर्धेत पदकतक्त्यात इटली पहिली होती. कामगाराच्या विम्यात तेथे पुनर्वसनही मोजले गेले होते.

कुंभारी ही कामगारांचीच वस्ती आहे. गावात वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, सोलापुरात सर्वोपचार रुग्णालय आहे. जखम भरेपर्यंतचा उपचार जवळ मिळू शकतो. खरी फट त्यानंतर पडते. टाके निघाले, डिस्चार्ज कार्ड हातात आले की विडी वळणारी आई मुलाला घेऊन घरी जाते. भौतिकोपचारासाठी पुन्हा यायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते. चौथ्या खेपेनंतर येणे थांबते आणि मूल शाळेतूनही मागे राहते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे धरली आहेत, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असणाऱ्यांना शासकीय नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के आरक्षण आहे. खेळाच्या सोयींसाठी त्यात स्वतंत्र कलमही आहे. या हक्कांची किल्ली म्हणजे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड. मूल रुग्णालयात असतानाच त्याचा अर्ज भरून घेतला, भौतिकोपचाराची तारीख शाळेला कळवली आणि पालिकेच्या तलावात आठवड्यातून दोन तास अशा मुलांसाठी राखले, तर फार मोठा खर्च येत नाही. गळ्यापर्यंतच्या पाण्यात शरीराचे वजन साधारण दहाव्या हिश्श्याइतकेच जाणवते, त्यामुळे जमिनीवर न जमणारी हालचाल तेथे जमते. मात्र जखम पूर्ण भरलेली हवी, फिट येणाऱ्या किंवा मणक्याला इजा झालेल्या मुलासाठी डॉक्टरांचा सल्ला हवा आणि काठावर शिकवणारा माणूस हवाच. विहीर आणि शेततळे ही त्याची जागा नव्हे.

आणि पहिला प्रश्न उरतोच. तारेखाली सळया रचू नयेत, उभ्या करू नयेत. छतावर काम करताना तार जवळ असेल तर आधी वीज वितरण कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. घरात कोणाला शॉक लागला तर आधी मेन स्विच बंद करावा, त्याला हाताने ओढू नये. बाहेरच्या उच्च दाबाच्या तारेजवळ तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जाऊच नये. तेथे कोरडी काठीही भरवशाची नाही. वीज तुटल्यावर श्वास नसेल तर छातीवर दाब देणे लगेच सुरू करावे आणि १०८ ला फोन लावावा. भाजल्या जागी टूथपेस्ट किंवा शाई लावू नये.

सुयश जाधवच्या पदकाचे कौतुक सोलापूरकरांना आहेच, असायलाच हवे. पण लग्नाचा मांडव पडेल त्या दिवशी दारात पडलेल्या सळया उचलून बाजूला ठेवायला पदक लागत नाही. पाच मिनिटे लागतात.