छाप बदलली की बोंब मारायचीच!

एखाद्या ओळखीच्या कंपनीनं लोगो बदलला की पुढचे तीन दिवस काय होतं, ते आता पाठ झालंय. पहिल्या दिवशी "जुनाच बरा होता" वाले येतात. दुसऱ्या दिवशी "याचे पैसे घेतले? माझ्या भाच्यानं वडापावच्या बदल्यात काढून दिला असता" वाले. आणि तिसऱ्या दिवशी येतात शहाणे लोक. "लोकांना बदल नकोच असतो हो. ओरडू द्या. दोन आठवड्यांत सवय होते."

मला सगळ्यात जास्त चीड या तिसऱ्या जमातीची येते. आणि कबूल करतो, परवापरवापर्यंत मी त्याच जमातीत होतो.

आमच्या धंद्यात या शहाणपणाला ग्रंथाचा आधारसुद्धा आहे. पार्किन्सन नावाच्या साहेबानं १९५७ च्या पुस्तकात एका समितीचा किस्सा सांगितलाय. ही समिती अणुभट्टीचा खर्च काही मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास वाद घालते. का? तर अणुभट्टी कुणाला कळत नाही, शेड सगळ्यांना कळते. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'बाइकशेडिंग' म्हणतो. मिटिंगमध्ये कुणी बटणाच्या रंगावर बोलायला लागला की हा शब्द तोंडावर फेकायचा, माणूस गप्प. लोगो म्हणजे तर आख्ख्या जगाची सायकल शेड!

आता हे अगदीच खोटं नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये गॅप या अमेरिकन कपडेवाल्यांनी वीसेक वर्षांचा निळा चौकोन काढून साधी काळी अक्षरं आणि कोपऱ्यात एक निळं ठिगळ असा लोगो आणला. मी तेव्हा शाळेत होतो. लोकांनी इतकी टर उडवली की आठवड्याभरात जुना लोगो परत. पण त्या आठवड्यात दुकानं होती तिथंच होती, जीन्सही त्याच होत्या. दुकान सापडेना म्हणून कुणी रस्त्यात उभं राहिलं नव्हतं. आवडला नाही, एवढंच. ठीक आहे, इथं शहाण्यांना निम्मे मार्क देऊ.

पण त्याच्या आदल्याच वर्षीची गोष्ट घ्या. जानेवारी २००९ मध्ये ट्रॉपिकानाच्या संत्र्याच्या रसाचा खोका अमेरिकेत बदलला. संत्र्यात खुपसलेली स्ट्रॉ गेली, तिथं रसाचा पेला आला. आडवं नाव उभं झालं. लोक म्हणाले, हा तर दुकानाच्या घरगुती स्वस्त मालासारखा दिसतो, फळीवर ओळखूच येत नाही. १ जानेवारी ते २२ फेब्रुवारीपर्यंत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि जुना खोका परत आणायची घोषणा करावी लागली. आत रस तोच होता, बरं का!

आणखी एक, आमच्या घरातलंच. ऑक्टोबर २०२० मध्ये गुगलनं जीमेल, कॅलेंडर, ड्राइव्ह, मीट या सगळ्यांना तेच चार रंग फासले. जीमेलचं लाल काठाचं पाकीट गेलं. लोक ओरडले की छोट्या टॅबमध्ये कुठलं काय ते कळत नाही. चुकीच्या टॅबवर क्लिक करून मीही शिव्या घातल्यात. तेव्हा मात्र मला कुणी 'तुला बदल नको असतो' म्हटलेलं चाललं नसतं. :-)

म्हणजे तक्रारी दोन जातीच्या. 'आवडत नाही' आणि 'सापडत नाही'. पहिलं मत आहे. दुसरा बग आहे. शहाणे लोक दोन्ही एकाच टोपलीत टाकून झाकण लावतात, हा माझा आक्षेप.

आता परवाचं सांगतो. आईचा मिरजेहून फोन.

"अरे, माझी बँक गेली फोनमधनं."

"गेली म्हणजे?"

"हिरवं पान होतं ना? ते नाहीच कुठं."

बँकेनं रातोरात ॲपची छाप बदलली होती. हिरव्या पानाच्या जागी पांढऱ्या चौकोनात जांभळी रेघ. खाली नाव तेच होतं, हो. इंग्रजीत, मुंगीएवढं. आई पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. पण मेडिकलच्या दुकानात, बाबांच्या गोळ्या काउंटरवर, मागं रांग, चष्मा घरी, अशा वेळी ती मुंगीएवढं इंग्रजी वाचत बसत नाही. ती पान शोधते.

"मग पैसे कसे दिलेस?"

"दुकानातल्या पोराकडं दिला की फोन. त्यानं शोधलं. पिन विचारला, सांगितला."

पोरगं सरळ होतं म्हणून निभावलं. मी फोनवरच पिन बदलून घेतला आणि तावातावानं बँकेच्या नावानं बोटं मोडायला लागलो. अर्ध्यात थांबलो. कारण त्याच महिन्यात आमच्या टीमनंही आमच्या ॲपचा आयकॉन बदलला होता. मिटिंगमध्ये एका ज्युनिअर मुलीनं विचारलं होतं, "जुन्या युजर्सना सापडेल का?" उत्तर मीच दिलं होतं. "दोन आठवड्यांत सवय होते गं."

मराठीत लोगोला जुना शब्द आहे, छाप. घोडा छाप, उंट छाप. गिऱ्हाईक वाचू शकत नसलं तरी त्याला आपलाच माल मिळावा, यासाठी ती असायची. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशात साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवली आणि तिच्यावर त्याचं चिन्ह लावलं. ते चित्र शोभेचं नव्हतं. त्या चित्रावरून माणूस आपली पेटी शोधत होता. आज फोनच्या पडद्यावर तेच चाललंय, फक्त मतपेटीच्या जागी आयुष्याची पुंजी आहे.

आणि गंमत बघा. आम्ही एखादा जुना एपीआय बंद करतो तेव्हा काय थाट असतो! महिनोन् महिने आधी 'डेप्रिकेटेड' म्हणून जाहीर करायचं, मेल पाठवायचे, नवा आणि जुना शेजारी शेजारी चालू ठेवायचे. कारण पलीकडे आमच्यासारखेच इंजिनिअर असतात आणि त्यांच्याकडे करार असतो. आईचा त्या हिरव्या पानाशी करार नव्हता. म्हणून तिला नोटीस नाही.

बदलू नका असं मी म्हणत नाही. खुशाल बदला. पण रंग, आकार, नाव यातलं एक तरी जागेवर ठेवा. महिनाभर आधी ॲपमध्येच, माणसाच्या भाषेत, जुनं चित्र आणि नवं चित्र शेजारी दाखवा. आणि लोक ओरडले की हसण्याआधी विचारा, 'आवडत नाही' म्हणताय की 'सापडत नाही'?

काल आईला विचारलं, "झाली का गं सवय त्या जांभळ्या रेघेची?"

"झाली की. आता रोखच नेते."

कुठल्याही आलेखात ही तक्रार दिसणार नाही. ओरडा थांबला, सवय झाली, असंच सगळे म्हणतील. असो. सोमवारी आमच्या आयकॉनसाठी टिकेट उघडतोय. त्या ज्युनिअर मुलीची माफी मात्र त्याआधी मागायची आहे.